तिसरा अभ्रा

तिच्या तिसऱ्या अभ्र्याची शिवणही वाकडीच आली.

सिस्टरनी अभ्रा खिडकीशी उजेडात धरला. शिवण दारू प्यायल्यासारखी चालली होती. मध्येच डावीकडे, मध्येच उजवीकडे, आणि शेवटी कडेवरून खालीच उतरली होती.

"आई, आज सरळ आलं का?" टेबलाखालून पोरीनं विचारलं. ती तिथं बसून सांडलेली बटणं वेचत होती.

"गप बस," मशीनवर बसलेली आई म्हणाली.

मिशनच्या शिवणवर्गात नियम एकच. तीन शुक्रवार, तीन अभ्रे. एक जरी सरळ शिवला तर खुर्ची आपली. रोजचं काम, महिन्याचा पगार, आणि पोरीला समोरच्या बालगृहाच्या शाळेत जागा. नाही तर खुर्ची पुढच्या बाईची. पुढची बाई बाहेर बाकावर येऊन बसली पण होती, मांडीवर बाळ घेऊन. नवरा गेलेल्या बायकांची त्या बाकाला कधीच कमी नव्हती. चालू मशिनींची होती. अकरातल्या चारच चालायच्या.

"तुझ्या हातात शिवणच नाही गं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना रागावता यायचं नाही, हीच पंचाईत. रागावल्या असत्या तर हिलाही चार शब्द सुनावता आले असते. "मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी."

"करा. पण सुईसाठी करू नका. माझं ऐकत नाही ती, देवाचं काय ऐकणार?"

शेजारच्या मशीनवरची आजी फिसकन हसली. आजी बालगृहातल्या पोरांच्या चड्ड्या शिवायची, दिवसाला दहा. तिला हसायला कोणाची ना नव्हती.

पोरीच्या आईनं तिला टेबलाखालून ओढून काढलं आणि दारापर्यंत गेली. तेवढ्यात मागं आजीची मशीन कण्हली. चाक जाम झालं. आजी त्याला तळहातानं ढकलायला लागली.

"आजी, हात काढा!" ती दारातून ओरडली.

"अगं, रोजचंच आहे हिचं. जरा जोर लावला की..."

"जोर लावलात तर दांडी मोडेल. काढा म्हणते ना!"

आजीनं हात काढला. सिस्टरसुद्धा एक पाऊल मागं सरकल्या. ती परत आली, मशीन कलती केली आणि तिच्या पोटात बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला पिवळं, चिकट काहीतरी लागलं होतं. तिनं वास घेतला.

"हे काय घातलंय हिच्यात?"

तिनं ते दोन बोटांत चोळून बघितलं.

"तळणीचं तेल आहे हे! वाळून डिंक झालाय त्याचा. मशीनला मशीनचं तेल लागतं, पाण्यासारखं पातळ. कोण शहाणा आहे तो?"

आजीनं हातातल्या चड्डीत तोंड लपवलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या. "दर सोमवारी. स्वयंपाकघरातून वाटीभर आणते."

"बंद पडलेल्या सातांना पण?"

"त्यांना जरा जास्तच."

तिनं पदर खोचला.

"रॉकेल आहे? आणि स्क्रू-ड्रायव्हर?"

दोन्ही आलं. तिनं खालचा पत्रा खोलला. पोरगी न सांगता ओंजळ धरून समोर उभी राहिली, आणि ती एकेक स्क्रू त्या ओंजळीत टाकत गेली.

"हे कुठं शिकलीस गं?" आजीनं विचारलं.

"बाबांचं सायकलचं दुकान होतं," उत्तर पोरीनं दिलं. "बाबा गिऱ्हाइकांशी बोलायचे. आई दुरुस्त करायची."

अर्ध्या तासानं चाक एका बोटानं फिरलं. आवाजसुद्धा नाही.

"शिवून बघ," सिस्टर म्हणाल्या.

तिनं एक चिंधी घेतली आणि पायडल मारलं. शिवण आली. वाकडी.

"मशीन बरी झाली," आजी म्हणाली. "ही काही बरी होत नाही."

सगळ्या हसल्या. तीही हसली. पण सिस्टर हसल्या नाहीत. त्या बाहेर गेल्या आणि बाकावरच्या बाईला बाळासकट आत घेऊन आल्या.

"बस," त्यांनी पोरीच्या आईचीच खुर्ची दाखवली. "ही आता तुझी."

तिनं स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. काळे झालेले हात पदराला पुसले.

"चल गं," ती पोरीला म्हणाली.

"कुठं निघालीस? इकडं ये." सिस्टरच्या हातात किल्ल्या होत्या. त्यांनी मागची खोली उघडली. आत सात मशिनी चादरी पांघरून उभ्या होत्या, एकीला एक चिकटून. "ह्या चालू झाल्या तर बाहेरचा बाक रिकामा होईल."

ती दारातच थांबली. "पगार?"

"खुर्चीवाल्यांना मिळतो तोच तुला."

"आणि हिची शाळा?"

"सोमवारपासून."

"सोमवारी तुम्ही तेलाला हात लावायचा नाही पण."

"नाही लावणार बाई." सिस्टरनी पहिल्या मशीनवरची चादर ओढली. मग एकट्याच हसायला लागल्या. "दोन वर्षं मी देवाकडं एक मिस्त्री मागतेय. मागून झालं की दाराकडं बघायचं. मला वाटायचं, त्याला मिशा असतील."

ती खाली बसली पण होती. मशीनचा पत्रा निघाला, पोरीची ओंजळ पुढं आली.

"फडकं लागेल," ती म्हणाली.

सिस्टरनी इकडंतिकडं बघितलं. तिसरा अभ्रा अजून त्यांच्याच काखेत होता. तो त्यांनी पुढं केला. तिनं वाकडी शिवण दातानं तोडली, कापड दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. टर्रकन ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत गेलं.

ओंजळ न हलवता पोरगी वाकून बघायला लागली.

"आई," ती म्हणाली, "आज सरळ आलं."