पंचाहत्तरीचा बँड

"चाळीस वर्षं पोरं शिकवली, आणि आता शिक्षण कर मीच भरू?" मोहोळकर गुरुजी वर्षभर हेच म्हणत होते. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या घरमालकांना नगरपालिका तो कर माफ करणार, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. म्हणून तो कर ज्यात येतो ती यंदाची घरपट्टीच त्यांनी अडवून धरली. नोटीस आली ती त्यांच्या लेकीने, वैजयंतीने, साड्यांखाली दडवली. वाढदिवस झाला की अर्ज करू, तोवर बाबांना कशाला त्रास, असं तिला वाटलं.

वाढदिवसाच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी बँड वाजू लागला. गुरुजींना बोलणं ऐकू येत नसे, पण ढोल मात्र छातीपर्यंत पोचला.

"वैजू, माझी पोरं आली गं! कोट काढ माझा. काल बाजारात तो माझा जुना विद्यार्थी शिंदे गालात हसत होता, तेव्हाच मला शंका आली."

"बाबा, थांबा जरा!"

पण टोपी नीट करत ते दारात जाऊन उभेही राहिले. वैजयंतीने खिडकीतून पाहिलं. बँडच्या मागे पालिकेची जीप होती. नोटिशीची शेवटची ओळ तिला आठवली: थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवण्यात येईल.

"घर क्रमांक दोनशे सात, थकबाकीदार मोहोळकर!" कर्णा ओरडला. शेजारी गॅलरीत आले. कुणीतरी फिसकन हसलं. वसुली कारकून हातात कागद घेऊन पायऱ्या चढला.

"केवढा मोठा झालास रे," गुरुजी म्हणाले, आणि हारासाठी त्यांनी मान वाकवली.