बाबांची रशियन कादंबरी

भास्करराव रेगे महिनाभर एक जाडजूड रशियन कादंबरी वाचत होते. पत्नीच्या वर्षश्राद्धाला तिन्ही मुलं जमली, तेव्हा जेवताना त्यांनी तीच गोष्ट काढली.

“घर मोठं देवभक्त. प्रार्थनेशिवाय कुणी घास घेत नाही. पण पोटच्या पोरांपैकीच कुणीतरी बापाला विष घालतं. कोणी, ते अजून कळलं नाही.”

“थोरल्यानं,” धाकटा मिलिंद म्हणाला.

“धाकट्यानं,” त्याच क्षणी थोरला उल्हास म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. भास्करराव हसले आणि त्यांनी खिरीची वाटी उचलली.

त्यांच्या मुलीनं, शुभदानं, ती हळूच काढून घेतली.

“बाबा, ही नका खाऊ.”

“का गं?”

शुभदानं उठून ती खीर मोरीत ओतली. दोन्ही भावांचे घास मात्र हातातच थांबले होते.