डावा ठोका

अपघातात डावा पाय गुडघ्याखालून गेल्यावर चारुताचा हा पहिलाच कार्यक्रम होता. ती मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या बँडची ड्रमर. तिथं दोन्ही पायांनी पेडल दाबत बास ड्रम बडवल्याशिवाय भागत नाही. कृत्रिम पाय पँटखाली झाकून ती वाजवायला बसली. कुणी कीव केलीच, तर पुन्हा स्टेजवर यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कार्यक्रम संपताच लांब केसांचा एक चाहता धावत आला. "ताई, डावा ठोका नुसता गोळीसारखा सुटत होता! पेडल बदललंत?"

"पाय बदललाय," म्हणत तिनं पँट वर केली.

त्यानं पायाकडे एकदा पाहिलं. नंतर पेडलपाशी उकिडवा बसत म्हणाला, "मग पेडलची स्प्रिंग घट्ट केलीत की सैल?"

कित्येक महिन्यांनी चारुताला खळखळून हसू आलं.

"घट्ट. थांब, वाजवूनच दाखवते."