शेवटची चार पानं

बाईंची उतरवायची आता अकराच पानं उरली होती. वाचनालयाच्या टेबलामागून ग्रंथपाल गुरव मान उंचावून मोजत होते.

थोरांचं लिखाण हातानं उतरवून काढलं की आपलं सुधारतं, असं म्हणून शाळेतल्या या नव्या बाई महिनाभर एकच जाडजूड कादंबरी वहीत उतरवत होत्या. आणि तिची शेवटची चार पानं गुरवांची होती! मूळची कुणीतरी फाडून नेलेली. दुसरी प्रत मिळेना, वाचक तर रोज डोकं खायचे. तेव्हा वीस वर्षांपूर्वी गुरवांनी शेवट स्वतःच रचला, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली 'दुसऱ्या प्रतीवरून नक्कल' अशी टीप ठोकून पुस्तकात शिवून टाकला. वाचणाऱ्यांना कधी संशय आला नाही. पण उतरवणारा शब्दन्‌शब्द चघळतो.

चौथ्या दिवशी बाई नेमकी तीच पानं उघडून टेबलाशी आल्या.

"काका, ही चार पानं मी तीनदा उतरवली."

"का हो? काही चुकलंय?"

"छे! चारशे पानं लिहिल्यावर लेखकाला आत्ता कुठे सूर सापडलाय, बघा ना."