चार जण हवेत

दादाने ग्रुपवर पुन्हा वादळाचा नकाशा टाकला. लाल भोवरा आता पार किनाऱ्याला टेकला होता. खाली लिहिलेलं, "सर्वांनी सज्ज राहा."

ताईचं डोकंच फिरलं. ग्रुपचं नावच मुळी 'सज्ज परिवार'. काढलेला दादानेच. टॉर्च कुठला घ्यायचा, फोनची बॅटरी कशी वाचवायची, वारा कुठल्या ॲपवर बघायचा, सगळं सगळं त्यावर. आणि ताई सकाळपासून एकच ओळ टाकत होती: "बाबांना उचलायला चार जण हवेत."

बाबांची एक बाजू लुळी. घर तळमजल्यावर, समुद्राला अगदी खेटून. गाडी वरच्या रस्त्यापर्यंतच येते, मध्ये उभ्या पायऱ्या. शेजारी कालच कुलूप लावून गेलेले. मदतीचा नंबर सारखा एंगेज. आणि तिघे भाऊ कुठे, तर त्याच गावात, वर टेकडीवर, मजेत.

तिच्या ओळीवर कुणी अंगठा दिला, कुणी हात जोडले. धाकट्याने तर चक्क पोल काढला. 'बाबांना हलवायचं का? हो / अजून वाट बघू.' सगळ्यांनी 'हो' दाबलं. एकमताने. आणि सगळे आपापल्या घरी.

शेवटी तिने दादाला फोन लावला. स्पीकरवरच.

"अरे, पाणी उंबऱ्याला लागलंय."

"कळतंय गं. म्हणून तर मघाशी लिंक पाठवली. उघडलीस का?"

"लिंक उचलणारे का बाबांना?"

"चिडतेस काय. वारा जरा पडू दे, येईल कुणीतरी."

कुणीतरी. ताईने फोन कापला. बाबांनी सगळं ऐकलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. मग तिने ग्रुपवर दोनच शब्द टाकले.

"बाबा गेले."

या वेळी एकही अंगठा आला नाही. फोन नुसता थरथरत सुटला. तिने तो पालथा घातला.

आणि मग काय, वारा पडायची वाट कोण बघतंय! वरच्या रस्त्यावर गाडी करकचून थांबली. दादा, मधला, धाकटा, वर कित्येक वर्षांत तोंड न दाखवलेला चुलतभाऊसुद्धा. बरोब्बर चार. निथळत, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, घोटाभर पाण्यातून धावत आले आणि दारातच थिजले.

बाबा खुर्चीत बसले होते. अंगात रेनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर औषधांची पिशवी.

"ताई, हे काय?" दादा ओरडलाच. "असलं लिहितं का कुणी?"

ताईने तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. वाकड्या ओठांनी, सावकाश, पण अगदी स्पष्ट.

"खांदा द्यायला आलात ना? मग द्या."