साबणातली किल्ली

गिऱ्हाइकानं रुमाल उलगडला, तर आत साबण. साबणात किल्लीचा ठसा.

"ठशावरून आम्ही करत नाही," किल्लीवाल्याची मुलगी म्हणाली. बाप दुपारी कुलपं बसवायला बाहेर गेला की दुकान तीच बघायची. वय सोळा, पण जीभ बापाच्या कानशीपेक्षा धारदार. "अस्सल किल्ली आणा, नाहीतर पुढच्या गल्लीत जा. तिथे काहीही करून देतात."

"त्याचं शटर खाली आहे म्हणून तर इथे आलो. थांबतो तासभर, उघडेल." तो साबण उचलू लागला.

तेवढ्यात तिला ठशाच्या डोक्याशी तीन बारीक उंचवटे दिसले. घरच्या किल्ल्यांवर बाप तीन ठिपके ठोकतो. आणि चार दात्यांची घरात एकच, आजीच्या खोलीची. आजी आतून कुलूप लावून झोपते, किल्ली गळ्यात. का, असं विचारलं तर खेकसते, "माझी मर्जी!" म्हातारीचं खूळ म्हणून घर हसतं. ती किल्ली गळ्यातून निघते फक्त अंघोळीला.

साबणाची कड नागमोडी होती. वडीचे दोऱ्यानं दोन तुकडे करण्याची काटकसर आजीचीच. म्हणजे साबण त्यांच्याच न्हाणीतला.

याला जाऊ दिलं, तर तासाभरात किल्ली तयार.

"बसा. देते करून."

कानस चालू झाली. चार दात्यांतला तिसरा तिनं केसभर उंच ठेवला. किल्ली कुलपात जाईल, फिरायची मात्र नाही.

त्यानं किल्ली उजेडात धरून पाहिली. "हुशार आहेस गं. नाही लागली तर येतोच परत. तुझ्याकडे."

तो वळणाआड गेला तशी तिनं घरी फोन लावला. कुणीतरी लगेच उचलला; तिला बोलायला सवडच मिळाली नाही.

"बोल ना," पलीकडून दबका आवाज आला. काकाचा. आजीच्या धाकट्या, लाडक्या लेकाचा. "झाली का किल्ली?"

तिनं तोंडावर हात दाबला.

मागून आजी कडाडली, "कुणाशी कुजबुजतोस रे?"

"कुणाशी नाही, आई," काका गोड आवाजात म्हणाला. "जा, पड जरा. कुलूप लाव हवं तर."