मोकळा कोपरा

“एकसुद्धा नाही?” कोच डेब क्रूझनी चष्मा कपाळावर चढवला.

“शून्य,” टेस म्हणाली. “ऑक्टोबरपासून. आणि फक्त त्यांच्या घरच्या मैदानावर. बाहेरगावी खेळते तेव्हा सगळं ठीक असतं.”

पडद्यावर उद्या त्याच मैदानावर होणाऱ्या व्हॉलीबॉल सामन्याचा अंदाज होता. जे कॉलेज हरेल त्याचा हंगाम उद्याच संपणार होता. शेवटच्या वर्षाच्या मुलींचा तर खेळच संपणार होता. समोरच्या संघात धडकी भरावी अशी एकच होती, ब्रिटा सॉर्नसन. डावीकडून उडी घेऊन रेषेलगत सरळ असा काही मारायची, की चेंडू कोपऱ्यात पडल्यावरच समोरच्यांना कळायचं. टेसनं तिच्या सगळ्या फिल्म पुन्हा पुन्हा बघून फटका न् फटका मांडला होता. ब्रिटाचं तोंड दाराकडे असलं की सरळ फटके पूर्वीसारखेच. बाजू बदलून तोंड स्कोअरबोर्डाकडे आलं की सरळ फटका गायब. कोपरा मोकळा असला तरी बाई तिरकंच मारणार.

“का पण?” कॅप्टन रोवीनं विचारलं.

“दिवा असेल. त्या कोपऱ्यात नवा दिवा लावला असेल, डोळ्यांवर येत असेल. फिल्ममध्ये नुसतं मैदान दिसतं.”

“दिवा असो नाहीतर भूत असो,” कोच म्हणाल्या. “तिचं तोंड तिकडे असेल तेव्हा कोपऱ्यातल्या पोरीनं कोपरा सोडायचा नि तिरक्या फटक्यावर यायचं.”

“आणि तिनं तिथंच मारला तर?”

“तर टेसला बसच्या टपावर बसवून घरी नेऊ.”

पोरी खिदळल्या. टेसही हसली. दोन हंगाम ती असे अंदाज करत होती आणि कोच त्या कागदांवर कॉफीचा मग ठेवत होत्या. आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या आकड्यांवर अख्खा सामना लावत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांनी दोन-दोन सेट घेतले. टेसच्या संघानं जिंकलेले दोन्ही सेट ब्रिटाचं तोंड स्कोअरबोर्डाकडे असतानाचे होते. पाचव्या सेटचा टॉस रोवीनं जिंकला. सर्व्हिस घ्यायची सोडून तिनं बाजू मागितली, तेव्हा पंचानंही भुवई उंचावली. आठ गुणांवर बाजू बदलतात हे तिनं मनात धरलं होतं. बाजू बदलली, आणि शेवटच्या निम्म्या सेटसाठी ब्रिटा स्कोअरबोर्डासमोर आली.

चौदा-तेरा, टेसचा संघ पुढे. ब्रिटाला हवा तसा उंच चेंडू मिळाला. तिच्यासमोर कोपरा मोकळा, ट्रक उभा करावा एवढा. टेसनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. ब्रिटा उडाली, हात मागे गेला, आणि शेवटच्या क्षणी तिनं खांदा वळवला. तिरका फटका. तिथं पोरी वाटच बघत होत्या. चेंडू वर निघाला आणि रोवीनं तो पलीकडे आदळला.

“तुझा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!” कोचनी टेसला उचलूनच घेतलं. जाळीपलीकडे ब्रिटा जमिनीवर बसली होती. मग ती उठली आणि कुणाकडेही न बघता दाराकडच्या बाजूनं निघून गेली.

त्या भागातली रीत अशी, की सामन्यानंतर यजमान मुलींचे आईबाप दोन्ही संघांना खाऊ घालतात. हरलेल्यांनीच जिंकलेल्यांना वाढायचं, तेही हसतमुखानं. टेस बटाट्यांची प्लेट घेऊन आधी स्कोअरबोर्डाखालच्या कोपऱ्यात गेली. तिला तो दिवा बघायचा होता.

दिवा नव्हताच. दोन घडीच्या खुर्च्या होत्या. एकीवर निळी उशी होती आणि दुसरीवर एक दांडगा, पिकल्या केसांचा माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर दुकानातल्या बिस्किटांचा न फोडलेला डबा होता.

“छान खेळल्या तुमच्या पोरी,” तो म्हणाला. “घे, बिस्किट घे. आमच्याकडून एरवी घरच्या वड्या असायच्या. मला नाही जमत.”

“इथं बसू का?”

त्याचा पंजा उशीवर गेला. “ही जनेलची जागा गं. माझी बायको. ऑक्टोबरात गेली.” त्यानं डबा उगाच फिरवला. “ब्रिटाची आई. पोरगी पहिल्या वर्षाला होती तेव्हापासून आम्ही दोघं इथंच बसायचो. फटका मारला की पोरगी आधी आईकडे बघायची आणि मग गुणांकडे. जनेल म्हणायची, अगं बये, चेंडूकडे बघ!”

तो हसला. टेसला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. मागे कोच तिच्या नावानं आरोळ्या देत होत्या.

त्याची नजर टेसच्या काखेतल्या टॅबलेटवर गेली. “आकडे ठेवणारी तूच काय? म्हणजे तू माझ्या पोरीकडे डोळ्यांत तेल घालून बघत असशील.”

“हो,” ती म्हणाली.

“मग मला एक सांग. तू परकी आहेस, माझं मन राखायला खोटं बोलणार नाहीस.” तो पुढे वाकला. “ती उडी मारते तेव्हा मी दर वेळी इथून हात करतो. आई नाही, पण मी आहे ना इथं. बघते का गं ती एकदा तरी माझ्याकडे?”